दारू सुटल्यानंतरचे मन

दारू थांबवणे हे काही दिवसांचे काम असते, दारूशिवाय राहणे हे आयुष्यभराचे. शरीरातली दारू उतरते, हातांची थरथर थांबते, भूक लागू लागते. पण ज्या रागावर, दुःखावर, भीतीवर वर्षानुवर्षे दारूचा उतारा घेतला गेला, त्या भावना जागच्या जागी असतात. दारू सोडलेल्या माणसाला त्या आता पूर्ण शुद्धीत सोसाव्या लागतात आणि त्याच अवस्थेत घर, नोकरी, पैसा, नाती यांविषयी निर्णयही घ्यावे लागतात. म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारात भावनांच्या सांभाळाला मध्यवर्ती जागा मिळाली आहे.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार भारतात १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज आहे. महाराष्ट्रात या कामाची जुनी परंपरा आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे ‘एए’चे गटही शहरांत आणि तालुक्यांच्या गावी भरतात. या सगळ्या ठिकाणी एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो: जो निर्णय कठीण क्षणी टिकतो, तो बहुतेक वेळा तो क्षण येण्याआधीच घेऊन ठेवलेला असतो. शांतपणा काहींच्या स्वभावात असेलही, पण ज्यांच्या नाही त्यांनाही तो तयारीने साधता येतो.

मेंदूत काय घडते

मेंदूतल्या चेतापेशींना शांत करण्याचे काम गाबा हे रसायन करते आणि उत्तेजित करण्याचे काम ग्लुटामेट करते. दारू पहिल्याचा प्रभाव वाढवते आणि दुसऱ्याला दाबते, म्हणून ती पिल्यावर माणूस सैलावतो. रोज पिणाऱ्याचा मेंदू मात्र या बदलाशी जुळवून घेतो. शांत करणारी यंत्रणा तो मंद करतो आणि उत्तेजित करणारी वाढवतो. अशा वेळी दारू अचानक थांबली की मेंदू एकाएकी अतिउत्तेजित होतो. घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना भास होतात आणि भ्रमाची अवस्था येते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. त्यामुळे अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, एकट्याने, अचानक दारू तोडू नये. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली जायला हवेत.

हे दिवस सरल्यावरही मेंदू लगेच पूर्ववत होत नाही. झोपेची घडी बसायला कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने लागतात. सुखाची जाणीव जागवणारी डोपामीनची व्यवस्था बोथट झालेली असते, म्हणून सिनेमा, गप्पा, आवडीचे जेवण यांत पूर्वीसारखी गोडी वाटत नाही. ताणाला उत्तर देणारी व्यवस्था मात्र जास्तच संवेदनशील झालेली असते. व्यसनाच्या या अंगाचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज कूब यांनी दाखवून दिले, की पुढच्या टप्प्यात माणूस मजेसाठी कमी आणि आतली अस्वस्थता घालवण्यासाठी जास्त पितो. विचारपूर्वक निर्णय घेणारा आणि उर्मीला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भागही सावकाश सावरतो.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ सरळ आहे. सुरुवातीच्या महिन्यांत क्षुल्लक कारणावरून येणारा संताप, डोळ्यांत उगाच येणारे पाणी किंवा काहीच करावेसे न वाटणे हा चारित्र्यातला दोष नव्हे. सावरत असलेल्या मेंदूची ती लक्षणे आहेत आणि वेळ दिल्यास ती कमी होतात. हे माहीत असलेला माणूस स्वतःला कमी दोष देतो आणि घरचेही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतात.

पुन्हा पिण्याची वेळ कधी येते

वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले. ज्यूडिथ गॉर्डन यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ १९८५ मध्ये आला आणि पुन्हा व्यसनाकडे वळणे कसे टाळावे याच्या शास्त्राचा पाया त्याने घातला. दारू, सिगारेट, हेरॉइन अशा निरनिराळ्या सवयी सोडलेल्यांच्या घसरणीचे ३११ प्रसंग त्यांनी तपासले. जवळजवळ तीन चतुर्थांश प्रसंगांमागे तीनच कारणे निघाली. राग, चिंता, उदासी, कंटाळा अशा नकोशा भावना सुमारे ३५ टक्के, इतरांचा आग्रह सुमारे २० टक्के आणि कुणाशी तरी झालेले भांडण सुमारे १६ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रसंगांच्या मुळाशी न पेललेली भावना किंवा न सुटलेला वाद होता.

मार्लट यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. घसरण ज्या क्षणी झालेली दिसते, तिची वाट आधीच्या लहान लहान निर्णयांनी तयार केलेली असते. पगाराच्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून बारवरून जाणाऱ्या रस्त्याने घरी निघणे, ‘फक्त भेटायला’ म्हणून जुन्या टोळक्यात जाऊन बसणे, पाहुण्यांसाठी म्हणून घरात बाटली आणून ठेवणे, गटाच्या मीटिंगला दोनदा दांडी मारणे. यातला प्रत्येक निर्णय वेगळा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. एकत्र पाहिले तर माणूस स्वतःला अशा जागी नेऊन उभा करतो, जिथे नाही म्हणणे सर्वांत अवघड असते. त्यामुळे पेला समोर आल्यावर काय करायचे यापेक्षा तो समोर येऊच नये यासाठी सकाळी काय करायचे, हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो.

आधी शरीराकडे पाहणे

मन बिथरल्यासारखे वाटले की पहिली तपासणी शरीराची करावी, ही एए आणि इतर स्वमदत गटांतली जुनी शिकवण आहे. भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटे वाटते आहे का, थकवा आला आहे का, हे चार प्रश्न स्वतःला विचारायचे. या चारांपैकी एक जरी अवस्था असली, तरी साध्या गोष्टी मोठ्या दिसू लागतात आणि तलफ लवकर उठते. दुपारी जेवण न करता रात्री आठपर्यंत काम करणाऱ्याला घरी जाताना दारूची आठवण आली, तर तिचे निम्मे कारण रिकामे पोट असू शकते. आधी पोटभर खाणे, मग झोप, मग कुणाशी तरी बोलणे आणि त्यानंतर निर्णय, असा हा क्रम आहे. जेवणाच्या आणि झोपेच्या ठरलेल्या वेळांवर व्यसनमुक्ती केंद्रांच्या दिनक्रमात एवढा भर असतो, तो याच कारणाने.

भावनेला नाव देणे

अनेक वर्षे पिणाऱ्या माणसाची भावनांची ओळख पुसट झालेली असते. सगळ्या त्रासाला तो ‘टेन्शन’ म्हणतो. त्या एका शब्दाखाली अपमान असतो, कर्जाची भीती असते, मुलांसमोरची लाज असते, मेलेल्या आईचे दुःख असते आणि यातल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. अपमान झाला असेल तर बोलून मोकळे होता येते, कर्ज असेल तर हिशेब मांडावा लागतो, दुःख असेल तर रडायला जागा द्यावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवले, की समोर दिसणाऱ्या भावनेला शब्दांत नाव दिले तरी मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. मीटिंगमधले शेअरिंग, रोज रात्री वहीत चार ओळी लिहिणे, समुपदेशकाशी बोलणे या सगळ्यांतून हेच साधते. दारूच्या जागी शब्द येतात.

घटना आणि तिचा अर्थ

भावना समजली तरी तिची तीव्रता कमी कशी करायची, याचे एक उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही पद्धत भारतात रुजवली. एलिस यांच्या म्हणण्यानुसार घटना घडते आणि भावना उमटते, यांच्या मध्ये आपण त्या घटनेला दिलेला अर्थ असतो. बायकोने ‘आज पगार झाला ना?’ असे विचारले, ही घटना. ‘हिचा अजून माझ्यावर विश्वास नाही, तो बसलाच पाहिजे, नाहीतर सोडून काय उपयोग’ हा अर्थ. त्यातून उसळतो तो संताप, आणि संतापातून दारूकडे जाणारी वाट.

इथे विचार बदलायचा म्हणजे खोटे समाधान करून घ्यायचे नाही. त्यातला हट्ट काढून घ्यायचा. ‘तिने विश्वास ठेवला तर मला फार बरे वाटेल. पण दहा वर्षांचा अनुभव तीन महिन्यांत पुसला जाणार नाही. तोवर मला वाईट वाटेल आणि ते मी सोसू शकतो.’ या विचारातून संतापाऐवजी खंत येते. खंत त्रास देते, पण विचार करू देते. दारूशिवाय राहणाऱ्याला भावनांपासून सुटका करून घ्यायची नसते. डोके चालू राहील इतपत त्यांची धार कमी करायची असते.

तलफ ओसरू देणे

तलफ उठली की ती वाढतच जाईल आणि पिल्याशिवाय थांबणारच नाही, अशी खात्री व्यसनी माणसाला वाटते. प्रत्यक्षात ती चढते, शिगेला पोचते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. मार्लट यांनी तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली. लाटेशी झगडायचे नाही आणि तिच्यात बुडायचेही नाही. ती अंगावरून जाईपर्यंत तोल सांभाळायचा. तलफ शरीरात नेमकी कुठे जाणवते, घशात की छातीत, वाढते आहे की कमी होते आहे, याकडे लक्ष देत श्वास संथ ठेवायचा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला, तर हृदयाची गती मंदावायला मदत होते. अशी एक तलफ न पिता उतरलेली पाहिली, की पुढच्या वेळी ती उतरेल हे स्वतःच्या अनुभवावरून माहीत असते.

या पद्धतीचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या आणि इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातून जगभर गेलेल्या विपश्यनेची शिबिरे सिएटलच्या एका तुरुंगात झाली. मार्लट यांच्या गटाने त्यांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिबिर केलेल्या कैद्यांचे दारू आणि अमली पदार्थांचे सेवन सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत इतरांपेक्षा कमी आढळले. पुढे याच धर्तीवर, सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा उपचारक्रम तयार झाला. मात्र ज्याने नुकतीच दारू सोडली आहे, त्याने दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

निर्णय आधी घेऊन ठेवणे

दारूची सवय लागलेल्या मेंदूला जवळचा लाभ मोठा आणि दूरचा फार लहान दिसतो. आत्ताचा एक पेग उद्याच्या नोकरीपेक्षा जड ठरतो. त्या क्षणी स्वतःशी वाद घालून जिंकण्याची शक्यता कमी असते. म्हणून वाद आधीच मिटवून ठेवावा लागतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचे संशोधन सांगते, की ‘मी पिणार नाही’ अशा नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ अशी नेमकी योजना जास्त वेळा पाळली जाते.

आपल्याकडे अशा योजनांचे प्रसंग ठरलेले आहेत. हळदीच्या रात्री मित्रांनी गच्चीवर बोलावले तर ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ एवढेच म्हणायचे आणि कारणांच्या चर्चेत पडायचे नाही. आषाढाच्या शेवटी गटारीला आणि थर्टी फर्स्टच्या रात्री मीटिंगला जायचे किंवा कुटुंबासोबत बाहेरगावी राहायचे. पगाराच्या दिवशी बायकोला किंवा भावाला कामाच्या ठिकाणी बोलावून सोबत घरी यायचे. वरातीत पाय थिरकू लागले आणि आग्रह वाढला तर जेवून लवकर निघायचे, परतीचे वाहन आपल्याच हाती ठेवायचे. फोनमध्ये तीन नावे वर ठेवायची आणि पहिला घोट घेण्याआधी त्यांपैकी एकाला फोन करायचा. आनंदाच्या प्रसंगांनाही ही योजना लागू असते, कारण बढती, मुलाचा निकाल, जुन्या मित्रांची भेट यांतही घसरण होते.

‘फक्त आजचा दिवस’ हे एएचे सूत्रही असेच काम करते. जन्मभर न पिण्याचा विचार छातीवर ओझे ठेवतो. आज रात्री झोपेपर्यंत न पिणे हाताच्या आवाक्यात असते.

मोठे निर्णय

स्वमदत गटांतली जुनीजाणती माणसे नव्याला सांगतात, की पहिल्या वर्षात शक्यतो लग्न, घटस्फोट, नोकरी सोडणे, घर विकणे, नवा धंदा असले निर्णय घेऊ नयेत. यामागे कारण आहे. सुरुवातीला कधी उत्साह फार वाढतो आणि गमावलेले सगळे एका दमात परत मिळवावेसे वाटते. कधी निराशा इतकी येते, की सगळे सोडून द्यावेसे वाटते. दोन्ही अवस्था ओसरणाऱ्या असतात, त्यांत घेतलेले निर्णय मात्र मागे राहतात. घरात मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर थांबण्याचा हा सल्ला कुणालाच लागू होत नाही. तिथे सुरक्षितता आधी.

जो निर्णय टाळता येत नाही, त्यासाठी काही पायऱ्या उपयोगी पडतात. प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा. पर्याय किमान तीन मांडावेत, कारण चिडलेल्या मनाला दोनच दिसतात. प्रत्येक पर्यायाने आपले न पिणे सोपे होईल की अवघड, हे तपासावे. ज्याच्याकडे आपली भीड चालत नाही अशा माणसाला विचारावे. एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी जेवूनखाऊन, शांत असताना तोच निर्णय योग्य वाटला तर पुढे जावे. राग असताना पाठवायचा मेसेज, राजीनामा किंवा पैशाचा व्यवहार दुसऱ्या दिवसावर ढकलला, तर क्वचितच काही बिघडते.

घरच्यांचा वाटा

घरातल्यांच्याही भावना साठलेल्या असतात. दारू सुटल्यावर घर लगेच शांत होईल ही अपेक्षा बहुतेक घरांत मोडते, कारण इतकी वर्षे दाबलेला राग बायको-मुलांना आता कुठे बोलता येतो. त्यांच्यासाठी अल-ॲनॉन हे गट १९५१ पासून काम करतात आणि केंद्रांमध्येही पत्नींसाठी वेगळ्या बैठका होतात. जुना हिशेब रोज काढू नये, खिसे आणि तोंडाचा वास तपासत बसू नये, पण खोटेही झाकू नये, एवढे पथ्य मोठे काम करते. भांडण तापले तर ‘अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगून बाजूला जाण्याची आणि सांगितल्या वेळी परत येऊन बोलण्याची सवय दोघांनी लावून घ्यावी. पिणारी व्यक्ती स्त्री असेल तर तिच्या वाट्याला लाज दुप्पट येते आणि उपचार उशिरा मिळतात. तिला बोलण्यासाठी सुरक्षित जागा मिळणे ही घराची पहिली जबाबदारी आहे.

नकळत जेवणात मिसळून दारू सोडवण्याची औषधे देण्याचा मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू पिली तर रक्तदाब कोसळण्यासारखी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. हे औषध रुग्णाच्या माहितीने, संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

घसरण झाली तर

अशी घसरण, म्हणजे ‘स्लिप’, झाल्यावर सर्वांत घातक ठरतो तो त्यानंतरचा विचार: ‘आता मोडलेच आहे, तर पूर्णच पिऊ.’ मार्लट यांनी या अवस्थेचा स्वतंत्र अभ्यास केला. एक पेला आणि पुन्हा लागलेले व्यसन यांच्या मध्ये अजून निर्णयाला जागा असते. अपराधीपणा ती जागा झाकून टाकतो. त्या वेळी पिणे तिथेच थांबवावे, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे, डॉक्टरांना किंवा गटाला भेटावे आणि मन शांत झाल्यावर आधीच्या चार दिवसांत काय घडले ते मागे जाऊन पाहावे. त्यातून आपल्या योजनेतली उणीव दिसते. लपवलेली स्लिप वाढते, सांगितलेली बहुधा आटोक्यात येते.

मदत कधी घ्यावी

मन खंबीर असले की सगळे जमते, हा समज माणसांचे प्राण घेतो. दारू सोडून काही आठवडे झाल्यावरही उदासी हटत नसेल, झोप लागत नसेल, भीतीचे झटके येत असतील किंवा मरणाचे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटायलाच हवे. नैराश्य आणि चिंतेवर चांगले उपचार आहेत. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखी औषधेही आहेत. औषध घेणे म्हणजे एका व्यसनातून दुसऱ्यात जाणे नव्हे. व्यसनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवणे हाही निर्णय आधी घेऊन ठेवण्याचाच एक भाग आहे.